स्केलमार्शांची बारावी जागा

केयाचा धाकटा भाऊ देवांग जन्मला, ते २०२२ साल. जानेवारीत बाळ आलं आणि त्याला न्हाऊमाखू घालायला नागपूरहून राधाआजी मिशिगनला आली. फेब्रुवारीत शाळेला आठवड्याची सुट्टी लागली, तेव्हा घरात दोनच आवाज होते. एक देवांगच्या रडण्याचा आणि दुसरा आजीचा, "हळू बोला रे!"

म्हणून सोमवारी सकाळी बारा वर्षांची केया, तिचा चौदा वर्षांचा यशोधनदादा आणि शेजारचा नील असे तिघे बर्फावरून घसरायची स्लेज घेऊन बाहेर पडले. नोव्हाय गाव जिथे संपतं आणि बर्चफील्ड टाउनशिप सुरू होते, तिथे एक चांगलं उताराचं टेकाड होतं.

"ब्रेक मार, नील! ब्रेक!"

"स्लेजला ब्रेक नसतो, यार!"

स्लेज सुसाट सुटली, मोडक्या कुंपणाच्या फटीतून आत घुसली आणि बर्फात रुतली. तिघे एकमेकांवर कोसळले. हसत हसत उठले आणि जागीच थबकले.

समोर दगड उभे होते. काळपट, कलते, जुने. एकूण अकरा.

"सिमेटरी!" नील पुटपुटला.

रात्रभर बर्फ पडला होता. झाडांवर, कुंपणावर, जमिनीवर वीतभर थर होता. पण त्या अकरा दगडांवर बर्फाचा कण नव्हता! कुणीतरी ते हाताने पुसून काढावेत तसे स्वच्छ होते. आणि प्रत्येक दगडाच्या माथ्यावर वाळक्या पाणगवताची एक छोटी घट्ट वेणी ठेवलेली होती.

यशोधन चष्मा पुसून अक्षरं वाचू लागला. "जोसेफ स्केलमार्श. हॅना स्केलमार्श. हाही स्केलमार्श... अरे, सगळेच स्केलमार्श!"

"फॅमिली रीयुनियन," नील म्हणाला. कुणी हसलं नाही.

केया सगळ्यांत लहान दगडापाशी उकिडवी बसली. त्यावर लिहिलं होतं, 'मेरी स्केलमार्श, वय १२.' वय बारा. आपल्याएवढीच!

उठताना तिला पावलं दिसली. फाटकातून आत आलेली, लहान, एकमेकांना लागून उमटलेली. ती एकेका दगडापाशी थांबत शेवटच्या दगडापर्यंत गेली होती.

"दादा, ही पावलं परत गेलेली कुठे आहेत?"

तिघांनी शोधलं. दगडांच्या मागे गोठलेला रुंद नाला होता आणि तिथे पावलं संपत होती. फाटकाकडे परत जाणारं एकही पाऊल नव्हतं.

"म्हणजे जो कोण आत आला..." नीलचा आवाज बारीक झाला.

"तो बाहेर गेलाच नाही," यशोधन म्हणाला.

तिघे असे पळाले की स्लेज तिथेच राहिली! फाटकाशी मात्र केया थबकली. तिथे एक पिवळा कागद चिकटवला होता. टाउनशिपची, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीची नोटीस. या जागेवरून नवा रस्ता जाणार होता. स्केलमार्श आडनावाचा कुणी वारस असेल तर त्याने गुरुवारी दुपारी चार वाजता टाउनशिपच्या सभेत पुराव्यासह हजर व्हावं. नाहीतर सगळ्या कबरी खणून अवशेष एका सामाईक खड्ड्यात हलवले जातील.

बारा वर्षांच्या मेरीला खणून काढणार!

"आपण वारस शोधायचा," केया म्हणाली.

"तीन दिवसांत?"

"मग काय झालं! असलं आडनाव किती जणांचं असणार?"

घरी बाबांनी, म्हणजे अतुलने, लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "अगं, टाउनशिपने चेक केलंच असेल ना. कुणी नसणार. तुम्ही सुट्टी एन्जॉय करा."

मंगळवारी तिघे लायब्ररीत गेले. तिथल्या बाईंनी त्यांना जुन्या नोंदींचं कपाट उघडून दिलं, एक मोठा नकाशा दिला आणि लाल टाचण्यांची डबी दिली.

यशोधन वाचत गेला, तशी केयाला लायब्ररीतही थंडी वाजू लागली. स्केलमार्श हे मुळात एका गावाचं नाव होतं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, दलदलीच्या कडेला ते वसलं होतं. समुद्र दर वर्षी थोडी थोडी जमीन खात गेला. आधी शेतं गेली, मग घरं, आणि एका हिवाळ्यात चर्चही पाण्यात कोसळलं. लोक आसपास पांगले. ते जिथे गेले तिथले लोक त्यांना बुडालेल्या गावाच्या नावाने ओळखू लागले.

"म्हणजे आपल्या रामटेके आडनावासारखंच!" केया म्हणाली. "पणजोबांना रामटेकात कुणी रामटेके म्हणत नव्हतं. ते गाव सोडून नागपूरला गिरणीत आले, तेव्हा ते नाव लागलं. बाबा सांगतात ना?"

"फक्त आपलं गाव अजून जागेवर आहे," यशोधन म्हणाला. "यांचं पाण्याखाली आहे."

नील टाचण्या टोचत होता. १८८१ सालच्या इंग्लंडमध्ये बासष्ट स्केलमार्श, सगळे तळहाताखाली झाकता येतील एवढ्याशा जागेत. त्याच सुमारास इथे, मिशिगनमध्ये, चौतीस. दलदल कोरडी करायला नाले कसे खणायचे, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. म्हणून जिथे जिथे दलदल होती, तिथे तिथे ते गेले. मग नील टाचण्या काढू लागला. १९४० साली मिशिगनमध्ये उरले नऊ. इंग्लंडमधला शेवटचा वारला १९८८ साली. आणि आज?

"झीरो," यशोधन म्हणाला. "इथे नाही, तिथे नाही. जगात कुठेच नाही."

नकाशावर एकही टाचणी राहिली नाही. नुसती भोकं उरली.

"मग ती पावलं कुणाची?" नीलने विचारलं.

दुपारी ऊन पडलं, बर्फ विरघळू लागला आणि जमिनीवरून दाट धुकं उठलं. तिघे स्लेज आणायला गेले, तेव्हा फाटकापासून दगडसुद्धा दिसत नव्हते. हातात हात धरून ते आत शिरले. केया वेण्या मोजू लागली. आज सगळ्या नव्या होत्या.

"नऊ, दहा, अकरा..." ती थांबली. "बारा."

"दगड अकरा आहेत," यशोधन म्हणाला.

बारावी वेणी मेरीच्या शेजारी होती. तिथे दगड नव्हता. नुसता बर्फ हाताने सारवल्यासारखा साफ केला होता, माणूस आडवं पडेल एवढाच.

"ही... ही कुणाची जागा?" नील कुजबुजला. "आपण तिघं आहोत ना? मोजा यार, आपण तिघंच आहोत ना?"

तेवढ्यात नाल्याकडून गुणगुणणं ऐकू आलं. बारीक, थकलेलं, एकाच चालीतलं. धुकं जरा फाटलं आणि केयाने पाहिलं. एक वाकलेली आकृती नाल्यावरून पलीकडे चालली होती. तिला पाय नव्हते! कमरेपासून खाली नुसतं धुकं होतं आणि ती त्यावरून तरंगत, गुणगुणत दिसेनाशी झाली.

स्लेज पुन्हा तिथेच राहिली.

संध्याकाळी नीलही त्यांच्याकडेच जेवायला थांबला. राधाआजीने पोळी वाढता वाढता तिघांकडे पाहिलं. "काय झालं रे? भूत पाहिल्यासारखे बसले."

"पाहिलंच, आजी!" नील म्हणाला आणि मग सगळं बाहेर पडलं. दगड, वेण्या, टाचण्या, धुक्यातली बाई.

"पण त्या नावाचं जगात कुणी उरलेलं नाही," यशोधन म्हणाला. "मी सगळीकडे चेक केलं. खानदान संपलं."

आजीने पोळीचा डबा खाली ठेवला. "यशू, माझं माहेरचं आडनाव काय?"

यशोधनने चष्मा वर सरकवला. "अं... रामटेके?"

"ते तुझ्या आजोबांचं. माझं?"

केयाने दादाकडे पाहिलं, दादाने बाबांकडे. बाबा भाजी चिवडत होते.

"सोमकुवर," आजी म्हणाली. "राधा सोमकुवर. लग्नाला पंचावन्न वर्षं झाली. आता कुठल्याच कागदावर नाही ते. तुझ्या त्या टाचण्या लावल्या ना, तर मी त्यात सापडायची नाही. म्हणून काय मी मेले?"

"पण आजी, तू कधी सांगितलं नाहीस!" केया म्हणाली.

"आपल्याकडे आडनाव विचारणारे पुष्कळ होते, बाळा. पण ते गाव कळावं म्हणून विचारत नव्हते. म्हणून सांगायची सवयच गेली." आजीने डबा पुन्हा उचलला. मग तिने केयाच्या ताटात पोळी टाकली. "खा. आणि उद्या लेकी शोधा."

बुधवारी लायब्ररी उघडायच्या आधी तिघे दारात उभे होते. जन्माची यादी नको, मृत्यूची यादी नको. आज त्यांनी लग्नांची यादी मागितली. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींत सव्वा तासाने केयाचं बोट एका ओळीवर थांबलं.

"जून १९६१. वधू ईडिथ स्केलमार्श. वर स्टॅनली... नोवाक."

"नोवाक?" नील जवळजवळ किंचाळला. "आपल्या बसवाल्या मिसेस नोवाक?"

लायब्ररीतल्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, पण त्याही हसत होत्या.

मिसेस नोवाकना कोण ओळखत नव्हतं! पाच वर्षांपूर्वीपर्यंत त्या शाळेची पिवळी बस चालवायच्या. त्यांचं घर नाल्यापलीकडे होतं. तिघांनी बेल वाजवली. दार उघडलं आणि ब्याऐंशी वर्षांच्या, कमरेत वाकलेल्या मिसेस नोवाक चष्म्यावरून बघू लागल्या. त्यांच्यामागे टेबलावर वाळलेल्या पाणगवताचा भारा पडला होता.

"तू तो मागच्या सीटखाली च्युइंगम चिकटवणारा," त्या नीलला म्हणाल्या.

"सॉरी, मिसेस नोवाक!"

"वेण्या तुम्ही ठेवता ना?" केयाने विचारलं. "आणि पावलं? ती परत का जात नाहीत?"

"सीनियर सेंटरची व्हॅन मला फाटकाशी सोडते. मग मी नाल्याच्या बर्फावरून सरळ घरी येते. वाऱ्याने तो घासून गुळगुळीत झालाय, त्यावर पाऊल कसं उमटणार?" त्या हसल्या. मग हसू मावळलं. "आमच्याकडे मेलेल्या माणसाला पाणगवत द्यायची पद्धत आहे. आजीने शिकवली. बुडालेल्या गावाची तेवढीच आठवण आमच्याकडे राहिली."

"आणि बारावी?"

मिसेस नोवाकनी खिडकीतून दगडांकडे बोट दाखवलं. "ती माझी जागा आहे. मेरी माझ्या बाबांची बहीण. बाबा म्हणायचे, ती एकटी घाबरते. मी त्यांना कबूल केलं होतं, की मी तिच्या शेजारी येईन."

"मग तुम्ही टाउनशिपला का नाही सांगितलं?" यशोधन उसळला.

"गेले होते रे. खिडकीवरच्या माणसाने यादी पाहिली आणि म्हणाला, तुमचं आडनाव नोवाक आहे, मॅडम, यादीत स्केलमार्श पाहिजे. माझे कागद घराला आग लागली तेव्हा गेले. साठ वर्षं मी नोवाक आहे. कोण ऐकणार?"

त्या दिवशी बाबांना लॅपटॉप बंद करावा लागला, कारण केयाने तो स्वतःच बंद केला!

"बाबा, उद्या सकाळी काउंटी ऑफिसला ड्राइव्ह करायचं. मिसेस नोवाकना घेऊन. त्यांच्या जन्माची आणि लग्नाची, दोन्ही नोंदींची प्रत पाहिजे."

"उद्या माझी मीटिंग आहे, केया."

"कॅन्सल कर, अतुल," राधाआजी आतून म्हणाली. "सोमकुवरांची लेक सांगते आहे."

गुरुवारी चार वाजता टाउनशिपच्या सभागृहात मोजून वीस माणसं होती. टेबलामागे मिस्टर प्रॅट नावाचे अधिकारी बसले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि घाईघाईने वाचून दाखवलं. "आम्ही पन्नास राज्यांत शोध घेतला. स्केलमार्श आडनावाची एकही व्यक्ती हयात नाही. त्यामुळे..."

"एक आहे!" केया उभी राहिली.

"यंग लेडी, यादी माझ्यासमोर आहे."

"सर, तुमच्या आजीचं लग्नाआधीचं आडनाव काय होतं?"

मिस्टर प्रॅट हसले. "कुठली आजी?"

"कुठलीही."

मिस्टर प्रॅटनी छताकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, टाय सैल केला. "ते... आत्ता आठवत नाही."

"मग तुमच्या यादीत तुमची आजी पण सापडणार नाही," केया म्हणाली. "पण तुम्ही तिचे नातू आहातच ना?"

मागून कुणीतरी टाळी वाजवली. यशोधनने दोन्ही प्रती टेबलावर ठेवल्या. त्यावर काउंटीचा शिक्का होता. ईडिथ, वडील विल्यम स्केलमार्श, जन्म १९४०. ईडिथ स्केलमार्श, विवाह १९६१, नंतरचं नाव नोवाक. शेवटच्या रांगेतून मिसेस नोवाक काठी टेकत पुढे आल्या. बाबा त्यांचा हात धरून चालत होते.

मिस्टर प्रॅटनी दोन्ही कागद दोनदा वाचले. त्यांचे कान लाल झाले होते.

"मॅडम, तुम्ही आमच्याकडे आधी आला होतात?"

"दोनदा," मिसेस नोवाक म्हणाल्या.

"मी माफी मागतो." त्यांनी पिवळ्या नोटिशीवर आडवी रेघ मारली. "रस्ता या जागेला वळसा घालून न्यायचा. आणि बारावी जागा मिसेस नोवाक यांच्या नावे नोंदवायची." मग ते तिघांकडे वळले. "माझ्या माणसांना दोन महिन्यांत जे जमलं नाही, ते तुम्ही तीन दिवसांत केलंत!"

"थँक्स, सर. पण आमच्याकडे आजी होती," नील म्हणाला.

पार्किंगमध्ये बाबांनी केयाच्या डोक्यावर हात ठेवला. "मी शोधायच्या आधीच 'कुणी नसणार' म्हणून मोकळा झालो. तू शोधलंस. शाबास!"

राधाआजी गाडीत देवांगला मांडीवर घेऊन वाट पाहत होती. मिसेस नोवाकना इंग्रजीत काय सांगावं, ते तिला सुचेना. तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "जय भीम." मिसेस नोवाकनी ते शब्द जसेच्या तसे परत म्हटले.

त्या उन्हाळ्यात तिघांनी कुंपण रंगवलं आणि पाणगवताची वेणी घालायला शिकले. नीलची वेणी दर वेळी सुटायची.

ईडिथ नोवाक, माहेरच्या स्केलमार्श, ३ नोव्हेंबर २०२३ रोजी, शुक्रवारी पहाटे, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी आपल्या घरी वारल्या. त्यांना मेरीच्या शेजारी पुरलं.