तीन कुलपांची पेटी

आल्तोबेल्लोच्या शाळेत गुरुवारी सकाळी आठ वाजता पेटी उघडली, आणि आत वही नव्हती.

शालेय परिषदेची वही! आमच्या डोंगरातल्या या शाळेत मुख्याध्यापिका एकटी काही ठरवत नाही. शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी एकत्र बसतात, तावातावाने भांडतात आणि मग वहीत सह्या करतात. वहीच्या पेटीला तीन कुलपं. एक चावी मुख्याध्यापिका ग्रासिएलाबाईंकडे, एक लेओविल्दो मास्तरांकडे, एक पालकांतर्फे एलिएसेरकाकांकडे. बैठकीच्या दिवशी जो तो सवडीने येतो, आपलं कुलूप काढतो. तिघांशिवाय पेटी उघडत नाही, हे सांगताना आमची छाती फुगते.

दुपारी बाराला शिक्षण खात्याची अधिकारी येणार होती. वहीत सह्या दिसल्या तर शाळा राहणार, नाहीतर ती खालच्या गावातल्या शाळेत विलीन. म्हणजे एकसष्ट पोरांनी रोज दोन तास डोंगर उतरायचा आणि चढायचा.

म्हणून ग्रासिएलाबाईंनी ओफेलिया बुरितिकाला बोलावलं. ओफेलिया खासगी तपास करायची. तिच्यासोबत नाबोर आला, तिचा जीपवाला आणि स्वतःच्या मते तिचा उजवा हात.

"गुरुवार आहे," नाबोर हात चोळत म्हणाला. "इथं गुरुवारी अरेपा असतात. मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या, अशा जाड! बावीस वर्षांत खाडा नाही."

"आधी काम, मग पोट," ओफेलिया म्हणाली.

पेटी धड होती. कड्या शाबूत, कुलपांवर ओरखडा नाही. तिन्ही कुलपं आरशासारखी लखलखत होती.

"कोण घासतं ही?"

"आमची स्वयंपाकीण, लुदिविना," ग्रासिएलाबाई म्हणाल्या. "दर शनिवारी, लिंबू आणि राख घेऊन. कुणी सांगितलेलं नाही तिला."

"तुमची चावी बघू."

बाईंनी पर्सच्या तळातून चावी काढली. दातांमध्ये हिरवा गंज दाटून बसला होता.

लेओविल्दो मास्तरांनी खिशातून जुडगा काढला, चार चाव्या चाळल्या, पाचवी दाखवली, मग म्हणाले, "छे, ही घराची. ही असेल." त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

एलिएसेरकाकांनी गळ्यातला दोरा ओढला. चावी वाकलेली होती. "कॉफीच्या पोत्यांची शिवण हिनंच उसवतो," ते अभिमानाने म्हणाले.

"मागच्या बैठकीत काय ठरलं, काका?"

"स्वयंपाकघर शहरातल्या कंत्राटदाराला द्यायचं. एकमताने!"

"लुदिविनाला विचारलंत?"

"ती कुठे परिषदेवर आहे?" काकांना प्रश्नच कळला नाही.

ओफेलिया स्वयंपाकघरात गेली. नाबोर आधीच तिथे पोचला होता आणि तोंड पाडून तळलेली केळी खात होता.

"ताई, जग बुडालं! आज अरेपा नाहीत."

"पीठ संपलं," लुदिविना चुलीकडे बघतच म्हणाली. कोपऱ्यात पिठाचा डबा होता, वर झाकण, झाकणावर दगड.

"बारा वाजता अधिकारी येतेय, ठाऊक आहे ना?" ओफेलियाने विचारलं.

"कसली अधिकारी?"

"वही नाही मिळाली, तर शाळा बंद."

लुदिविनाच्या हातातला झारा खाली पडला.

साडेअकराला ओफेलियाने सगळ्यांना पेटीभोवती जमवलं.

"मास्तरांनी चोरली!" नाबोर कुजबुजला. "घाम बघा त्यांचा."

"गप रे. मास्तरांना घाम फुटला, कारण त्यांना आपली चावी ओळखता येत नाही. बाई, काका, मास्तर, कुलपं लावा आणि आपापल्या चाव्यांनी उघडून दाखवा."

बाईंची गंजलेली चावी आत शिरेना. काकांची वाकडी चावी अडकली. मास्तरांनी सहा चाव्या लावून पाहिल्या.

"मग सकाळी पेटी कशी उघडलीत?"

काका वाकडी चावी दोऱ्यासकट सदऱ्यात लपवू लागले.

"मी सांगते. कुलपं नुसती लटकवलेली असायची. प्रत्येकाला वाटायचं, माझं नाही लावलं तरी दोन आहेतच की! जबाबदारी तिघांत वाटलीत आणि कुणाकडेच राहिली नाही. हे एकाच माणसाला माहीत होतं. जो दर शनिवारी तिन्ही कुलपं हातात घेतो, त्याला. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा आज अरेपा नाहीत. पीठ संपलेल्या डब्यावर कुणी दगड ठेवतं का?"

लुदिविना स्वयंपाकघरात गेली आणि पिठाने माखलेली वही घेऊन आली.

"वाटलं, वही नसली तर तो ठराव चालणार नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "बावीस वर्षं! कुठल्या पोराला दूध चालत नाही, कोण उपाशी येतं, मला पाठ आहे. मला विचारलंत? एकदा तरी? पण शाळा बंद पाडायला नव्हती हो नेली मी. अधिकारी येणारेय, हेसुद्धा कुणी सांगितलं नाही मला!"

दारात अधिकारी फान्नी आर्बेलाएस उभ्या होत्या. केव्हापासून, देव जाणे.

"वहीला पीठ कसलं?" त्यांनी विचारलं.

मास्तर खोकले. काका छताकडे बघू लागले. ग्रासिएलाबाई मात्र ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. कुलपं, गंज, पीठ, काहीही न लपवता. मग वही उघडून सगळ्यांसमोर आजची नोंद लिहिली: 'चूक आमची. स्वयंपाकघराचा ठराव रद्द. लुदिविना ओस्पिना यांना विचारून पुन्हा बसू.' एकेकाने सही केली. शेवटी बाईंनी पेन लुदिविनाला दिलं.

"परिषदेत स्वयंपाकीण?" फान्नीबाई म्हणाल्या. "कायद्यात अशी जागा नाही."

"कायद्यात तीन कुलपंही नाहीत, बाई. ती आम्ही लावली. ही जागाही आम्हीच करतो," ग्रासिएलाबाई म्हणाल्या.

लुदिविनाने कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि आपलं पूर्ण नाव सावकाश लिहिलं.

फान्नीबाईंनी वही पहिल्यापासून चाळली. पानं झटकली. आपल्या कागदावर काहीतरी लिहून तो ग्रासिएलाबाईंकडे सरकवला. त्यावर एकच ओळ होती: 'ही शाळा स्वतःचा कारभार स्वतः बघते. चालू ठेवावी.'

काकांनी भर खोलीत डोळे पुसले आणि कुणी त्यांना हसलं नाही.

"नाबोर," ओफेलिया म्हणाली, "खाली जा. तीन नवी कुलपं आण."

"तीन?" लुदिविना म्हणाली. "चार आणा. आणि लवकर या, तोवर अरेपा होतात."

आमचा नाबोर त्या दिवशी जीप अशी हाकत गेला, की रस्त्यातल्या कोंबड्यांनी आठवडाभर अंडी दिली नाहीत.