टबात बुडालेला रेकॉर्डर

१९८९ साल. गुप्तहेरबाई आपल्या यजमानांना, म्हणजे नवऱ्याला, घेऊन त्या घरी पोचल्या, तेव्हा टेपरेकॉर्डर नुकताच न्हाणीघरातल्या टबातून बाहेर काढला होता.

यजमानांचा हात लगेच बटणाकडे गेला. "बघू, चालतोय का?"

"अहो, हात आवरा! ओल्यात वीज सोडलीत तर उरलंसुरलंही जळेल."

बाईंनी आधी सेल काढले. स्क्रू सोडवले, पाणी निथळू दिलं आणि एकेक भाग पंख्याखाली मांडला. आतली कॅसेट उजेडात धरली. सगळी फीत एकाच चाकावर होती.

"आईचं शेवटचं बोलणं आहे तिच्यात," बाईंना बोलावणारी धाकटी बहीण म्हणाली. "निम्मी ऐकली, फोन वाजला म्हणून तशीच बंद करून उठले. रेकॉर्डर टबावरच्या खिडकीत होता. परत येते तर टबात!"

"नर्सचाच धक्का लागला," थोरला भाऊ म्हणाला. "एजन्सीला कळवून काढूनच टाकायला लावतो."

आईची शुश्रूषा केलेली नर्स रडकुंडीला आली. "मी तिकडे फिरकलेसुद्धा नाही हो! माझं राहू द्या, पण ती वाचवा, बाई."

"वाळेल ना ती?" भावजयीने विचारलं.

बाई भावाकडे वळल्या. "तुम्ही काय म्हणता?"

"तो वाचला म्हणजे झालं. असे हल्ली मिळत नाहीत."

यजमान कुजबुजले, "पोरगी धांदरटच दिसते."

"तुमचं आपलं काहीतरीच!" बाई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "ताई, तुम्ही निम्म्यावर थांबलात. मग पाण्याने फीत उलटी गुंडाळली का? ही कोरी कॅसेट आहे. कुणीतरी अदलाबदल करून रेकॉर्डर बुडवला. घरात सगळे म्हणतात, 'ती' वाचवा. दादा, आईचा आवाज बुडाला आणि तुमच्या तोंडी 'तो'? 'ती' सुखरूप आहे हे ज्याला ठाऊक, त्यालाच नुसत्या यंत्राची काळजी!"

भावाने खिशातून कॅसेट काढून बहिणीपुढे धरली. "काल मी पुरती ऐकली. शेवटी आई सारखी विचारते, दादा आला का? तुला कसं ऐकू देऊ?"

"तू आला नव्हतास, हे मला माहीत नव्हतं का रे? पण त्यापायी या पोरीच्या पोटावर पाय देत होतास?"

भावाने नर्सपुढे हात जोडले.

ती पुढे एका मोठ्या इस्पितळात मेट्रन झाली. बहिणीने कॅसेट शेवटपर्यंत ऐकली, भावाला शेजारी बसवून. बाईंचे यजमान मात्र ओलं यंत्र दिसलं की बटण दाबायचेच. आणि भाऊ? नात्यात कुणी आजारी पडलं, की दारात सगळ्यांच्या आधी तोच उभा असायचा.