सगळे टॉवर ऐकत होते

रेमीची आणि माझी ओळख झाली ती माझ्या फजितीमुळे. आणि फजिती तरी कशी, अख्ख्या जिल्ह्याने ऐकलेली!

मे महिना होता. जंगलातल्या आगींवर नजर ठेवायच्या हेरॉन टॉवरवरचा माझा पहिलाच आठवडा. रात्री पाऊस पडून गेला होता. सकाळी ऊन आलं म्हणून मी शिडी चढून वरच्या काचेच्या खोलीत गेले, आणि बघते तर काय — समोरच्या रानातून पांढरे लोट वर येत होते. इथे एक, तिथे एक, पलीकडे आणखी दोन! रेडिओचं बटण दाबून मी ओरडलेच, "हेरॉन बोलतेय! धूर! सगळीकडे धूर!"

मग एक आवाज आला. खर्जातला, सावकाश, नुकताच झोपेतून उठल्यासारखा.

"हेरॉन, मी बर्च टॉवर. ते धुकं आहे. पावसानंतर ओल्या रानातून अशी वाफ निघते... थोडं थांबा, जाईल."

"नक्की?" मी विचारलं.

"नाही गेलं तर तुमच्या टॉवरपर्यंत चालत येऊन माफी मागेन. मध्ये दलदल आहे, जरा उशीर होईल, एवढंच."

रेडिओवर कोणीतरी खुदकन हसलं. थोड्या वेळात धुकं खरंच गेलं, आणि मी कान लाल करून बसून राहिले. मनात म्हटलं, हा बर्च कोण ते एकदा बघायलाच हवं. सोंगाड्या कुठला!

बघणार कसं? कॅनडातल्या उत्तर अल्बर्टाच्या त्या जंगलात टॉवर म्हणजे एक टेकडी, एक लोखंडी शिडी, खाली एक झोपडी आणि एकच माणूस. मे ते सप्टेंबर. धूर दिसला की दिशा मोजायची आणि वनखात्याच्या ऑफिसला कळवायचं. एका टॉवरवरून नुसती दिशा कळते. दुसऱ्या टॉवरची रेघ पहिलीला जिथे छेदते, तिथे आग. माझ्या रेघेला छेदणारी रेघ बहुतेक वेळा बर्चची असायची. तिकडे ऑफिसातल्या नकाशावर आम्ही रोज भेटत होतो म्हणा ना!

संध्याकाळी ऑफिसची हजेरी झाली की रेडिओ गप्पांना मोकळा. गप्पा सिनेमाच्या. महिन्यातून एकदा हेलिकॉप्टर किराणा घेऊन यायचं, त्याच्याबरोबर एक छोटी हार्ड डिस्क एका टॉवरवरून दुसऱ्यावर फिरायची, सिनेमांनी ठासून भरलेली. जेवण झालं की जो तो आपापल्या झोपडीत लॅपटॉप लावायचा आणि दुसऱ्या दिवशी मत द्यायचा. हा शिरस्ता विनी मावशीने पाडलेला. मावशी लोन पाइन टॉवरची. तीस उन्हाळे तिने टॉवरवर काढले होते, आणि तिचा आवाज सिगरेटींनी पार घोगरा झाला होता.

पहिलं मत मी दिलं ते दीपगृहातल्या बाईच्या सिनेमावर. नवरा समुद्रात गेलेला, आणि ती वर्षानुवर्षं त्याच्यासाठी दिवा लावतेय. मी उशी भिजेस्तोवर रडले होते, तसं सांगितलंही.

"बर्चचं मत काय?" मावशीने विचारलं.

"तेल कुठून आणत होती ती?"

"काय?" मी म्हटलं.

"एवढी वर्षं दिवा जळतोय. बेटावर दुकान नाही, बोट येत नाही. मग तेल?"

"अहो, तुम्हाला तिचं दुःख दिसलं नाही?"

"दिसलं ना. दिव्यामुळेच दिसलं. म्हणून तर विचारतोय, तेल कुठून?"

मी इतकी चिडले की त्या दिवशी बोललेच नाही. पण दुसऱ्या दिवशी हजेरी संपायच्या आधीच मी रेडिओला चिकटून बसले होते... कशासाठी, ते मला चांगलं ठाऊक होतं.

जूनभर हेच चाललं. त्याला घोड्यांचे सिनेमे आवडायचे, मला रडके. तो म्हणायचा, "हेरॉन, तुला एकदा तरी असा सिनेमा आवडू दे ज्यात कोणी खोकत नाही." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. हळूहळू कळलं ते असं, की त्याचं पूर्ण नाव रेमी लाबुकान, हिवाळ्यात तो शाळेची बस चालवतो, आणि एकटा राहतो. मी डारिया हावरिलुक, मीही एकटीच. पण हे सगळं मिळायचं ते सिनेमाच्या मधूनमधून, तुकड्यातुकड्यांनी. कारण तिथे गुपित असं काही नसतंच. आपण बोलतो तेव्हा सगळे टॉवर ऐकत असतात, ऑफिस ऐकत असतं, रस्त्यावरचा लाकडाचा ट्रकवालासुद्धा ऐकत असतो.

मग तो खानावळीचा सिनेमा आला. एक माणूस रोज एका बाईच्या समोरच्या टेबलावर जेवतो आणि शेवटपर्यंत काही बोलत नाही.

"बावळट आहे," मी म्हटलं. "सरळ सांगायचं ना तिला!"

"कसं सांगेल?" रेमी म्हणाला. "अख्खी खानावळ कान टवकारून बसलीय."

"मग काय, तिने आपलं आपण ओळखायचं?"

"ती हुशार आहे. तिने..." तो अडखळला. "तिने ओळखलंय, असं मला वाटतं. तुला काय वाटतं?"

माझा अंगठा बटणावरच राहिला.

"ओळखलंय," मी म्हटलं. "पण... तरी तिला ऐकायचं असेल."

"ओळखलंय, ओळखलंय!" विनी मावशी खेकसली. "आम्हीपण ओळखलंय! आता झोपा दोघं!"

त्या रात्री मी एकटीच हसत होते, वेड्यासारखी.

जुलैत पाऊस पडलाच नाही. सूर्य उगवायचा तो तांबडालाल, दिवसभर तसाच. दक्षिणेकडची एक वस्ती जळून गेली. तिथली माणसं अजून दुसऱ्यांच्या घरी राहतायत. एकदा माझ्या झोपडीसमोर एक हरणी येऊन उभी राहिली. तिचे खूर भाजले होते. मी पाण्याची बादली पुढे ठेवली, तर ती नुसतीच बघत राहिली. सिनेमावर बोलायला कोणाला उत्साह उरला नव्हता. तरी रेमी रोज विचारायचा, "हेरॉन, काही बघितलंस?" मी काहीच बघितलेलं नसायचं. मग मी मनानेच एखादी गोष्ट रचून सांगायचे. त्याला कळत असणार. तरी तो हटकून त्यातल्या चुका काढायचा.

ऑगस्टमध्ये बर्चच्या दक्षिणेला वीज पडली. त्याची रेघ आणि माझी रेघ त्याच्या टेकडीच्या पायथ्याशी एकमेकींना छेदत होत्या. दुपारपर्यंत वारा फिरला. त्याला आणायला निघालेलं हेलिकॉप्टर धुरातून परत गेलं.

"बर्च, खाली उतर," ऑफिसचा हुकूम आला. "तळ्यावर जा. पाण्यात शिरून थांब."

तळं त्याच्या टेकडीखाली, अर्ध्या तासाच्या वाटेवर. अडचण एकच होती. टॉवरवरून रेडिओ सगळीकडे पोचतो, पण खाली दरीत उतरलं की हातातला रेडिओ मुका होतो.

"उतरतो," तो म्हणाला. "रस्त्यावरची आग विझवणारी तुकडी बाहेर पडू दे. आग कुठे वळतेय, ते मला इथूनच दिसतंय."

तुकडी बाहेर पडली. तो उतरला नाही.

"हेरॉन," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच सावकाश, पण मधूनमधून खोकला. "काही बघितलंस?"

"रेमी, उतर."

"उतरतो गं. आधी सांग ना. काल काय बघितलंस?"

आणि मी सांगायला लागले. देवाशपथ, मला वाटलं, त्याला धीर येईल. मी काहीतरी रचत गेले, एक म्हातारा, त्याची बोट... तो चुका काढत गेला, हसला, खोकला. माझ्या काचेतून त्याची टेकडी दिसत नव्हती. तिथे नुसता काळा धूर होता, आणि धुराखाली लाल. तरी आम्ही बोलत होतो. बोलता बोलता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की अगं बये, हा तुझ्यासाठीच बसलाय वर! तू बोलतेस तोवर हा उतरणार नाही.

खाली गेलं की त्याच्या सोबतीला कोणीच नव्हतं. म्हणून तो बसला होता.

"रेमी, ऐक," मी म्हटलं. "सगळे ऐकतायत, ऐकू देत. तू मला आवडतोस. फार आवडतोस. तू मेलास तर मी काय करू? मी आता रेडिओ बंद करतेय. तू उतर."

"थांब! हेरॉन, थांब, मला—"

मी बंद केला.

टॉवरवरच्या माणसाने रेडिओ कधीच बंद करायचा नसतो. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मी त्या मुक्या खोक्यासमोर हात मांडीत दाबून बसले, पुन्हा चालू करायला जाऊ नयेत म्हणून. किती वेळ बसले, कोण जाणे. बाहेर राख पडत होती. शेवटी राहवेना, तेव्हा बटण फिरवलं.

"उतरला," विनी मावशीचा आवाज आला. "उतरला, पोरी. तू बंद केल्यावर बोलला, आणि मग उतरला."

"काय बोलला?"

 

"ते त्याच्याच तोंडून ऐक," मावशी म्हणाली.

तो सापडला दुसऱ्या दिवशी, तळ्यातल्या लव्हाळ्यात, गळ्यापर्यंत पाण्यात. जिवंत. पण वाटेत धुराने गाठलंच होतं. मी थोडं आधी गप्प बसले असते तर... हे मी रोज म्हणते. म्हणून काही उपयोग नाही.

मी त्याला पहिल्यांदा बघितलं ते शहरातल्या हॉस्पिटलात. मनातला रेमी उंच होता. हा बुटका, मोठ्या कानांचा, भुवया जळालेला. दोन्ही हात बँडेजमध्ये, उजवा अंगठा तेवढा बाहेर. गळ्यात नळी. आतून घसा भाजलाय, डॉक्टर म्हणाले. आवाज येईल, कदाचित येणार नाही. ज्याचा फक्त आवाज मला माहीत होता, त्याचा आवाज तेवढा गेला होता. मी दारात उभी राहून ढसाढसा रडले. त्याने मला ओळखलं ते त्या रडण्यावरूनच असणार. रडके सिनेमे माझेच ना!

मी रोज जात राहिले. भिंतीवरच्या टीव्हीवर दुपारी काहीतरी लागायचं, ते आम्ही दोघं बघायचो. संपलं की मी मत द्यायचे. आवडलं तर त्याचा अंगठा वर, नाही तर खाली. बहुतेक खालीच. "अक्कल नाही तुला," मी म्हणायचे, आणि तो आवाज न करता हसायचा. तो काय बोलला होता, ते मी एकदाही विचारलं नाही. सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं, मलाच तेवढं नव्हतं.

एका रविवारी विनी मावशी बसने आली. एवढीशी बाई, काखेत जॅमची बरणी. तिला बघून मला राहवेना.

"मावशी, आता तुम्हीच सांगा. तो काय बोलला?"

मावशीने रेमीकडे बघितलं. त्याने मानेनेच हो म्हटलं.

"म्हणाला..." मावशीने घसा खाकरला. "म्हणाला, हेरॉन, तूही मला फार आवडतेस. काळजी करू नकोस, मी उतरतोय."

रेमीचा अंगठा वर आला आणि खाली वळला.

"मेल्या, बरं सांगतेय ना मी!"

अंगठा खालीच.

मावशी खुर्चीत बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आधी तुला शिवी घातली. मग म्हणाला, बंद करू नकोस, मला एकट्याला मरायचं नाही. हेच म्हणत राहिला. मी हाका मारल्या, ऑफिसने मारल्या. पण त्याला आम्ही नको होतो."

मी त्या वेळी हात मांडीत दाबून बसले होते.

"मग बराच वेळ नुसता श्वास. बटण दाबूनच धरलं होतं त्याने. आणि मग म्हणाला, ती ऐकत नाहीये ना? मग सांगतो. तिच्याशी बोलायला मिळतंय म्हणून मी इथे मरायला बसलो होतो. आता पुन्हा तिच्याशी बोलायला मिळावं म्हणून उतरतो."

रेमीच्या डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत ओघळत होतं. त्याला ते पुसता येत नव्हतं. अंगठा मात्र वर होता.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्ही जरा बाहेर जाता का?"

"मी? अगं, उन्हाळाभर तुमचं सगळं ऐकलंय मी!"

"म्हणूनच."

मावशीने पर्स उचलली आणि पुटपुटत बाहेर गेली. मी उठून दार लावून घेतलं.