शेगडीजवळची बॅटरी

ज्याला पटेल त्यानं वाचावं. ज्याला पटणार नाही त्यानं सोडून द्यावं. पण ही घडलेली गोष्ट आहे. इमानकुल आजही त्याच घरात राहतो, आणि त्याचा मेहुणा शारशेन आजही तिथं मुक्काम करायला तयार होत नाही.

गेल्या जानेवारीतली रात्र. आत-बाशी गावाच्या वरच्या अंगाला, मेंढ्यांच्या हिवाळी तळावर इमानकुलचं घर.

बायको सायकाल त्याआधीच्या पानगळीत वारली होती.

पिकअप चालवायचा इमानकुल, पण बॅटरी सांभाळायची सायकाल. त्या थंडीत बॅटरी रात्रभर बाहेर राहिली की संपली. म्हणून अंधार पडला की ती पाना घेऊन जायची. आधी काळी वायर सोडवायची, मग तांबडी. बॅटरी पोटाशी धरून घरात आणायची आणि शेगडीजवळ लोकरीच्या जाड नमद्यावर ठेवायची. सकाळी सोड्याच्या पाण्यानं टर्मिनल पुसायची, वर मेंढीची चरबी चोळायची. बॅटरी बसवली की उघड्या बॉनेटवर पान्यानं ठोकायची.

टक्... टक्.

म्हणजे, मार सेल्फ.

ती गेल्यावर हे सगळं इमानकुल करू लागला. फक्त ठोकायचं तेवढं त्यानं सोडून दिलं.

त्या संध्याकाळी शारशेन आला होता. चहा ओतता ओतता म्हणाला, “दाजी, गाडी विका आता. खाली आमच्याकडे चला. तुम्ही इथं एकटे गोठताय, हे ताईला आवडलं असतं का?”

“तुझ्या ताईला तुझा चहासुद्धा आवडत नव्हता.”

शारशेन हसला नाही. “गाडी बंद पडली तर मेंढ्यांना चारा कसा आणाल? पाठीवर? उद्या सकाळी पहिल्या सेल्फला चालू झाली तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही झाली, तर मुकाट्यानं माझ्याबरोबर यायचं.”

“होईल चालू.”

“शब्द?”

“शब्द.”

इमानकुलनं रागारागानं दाराला आतून कडी घातली आणि पाठ फिरवून झोपला.

पहाटे जाग आली आणि आठवलं...

बॅटरी बाहेरच राहिली होती.

तो अंधारातच उठला. कडी काढली. टोपी न घालताच बाहेर धावला.

पिकअपचं बॉनेट उघडं होतं.

आत बॅटरीची जागा रिकामी...

रात्री पडलेल्या बर्फावर ठसे होते ते फक्त त्याच्या बुटांचे, आत्ता उमटलेले.

तो तणतणत घरात आला. “शारशेन, हा कसला डाव? बॅटरी कुठं लपवलीस?”

“कसली बॅटरी?” शारशेननं रजईतून तोंड बाहेर काढलं. “दाजी, मी रात्रभर पायसुद्धा बाहेर काढला नाही.”

इमानकुलनं दिवा लावला.

बॅटरी शेगडीजवळ होती.

हात लावला... कोमट.

टर्मिनल लख्ख पुसलेले. वर चरबी... अजून ओली.

शारशेन मात्र बॅटरीकडे बघत नव्हता. तिच्याखाली बघत होता.

“दाजी... हा नमदा ताईचा आहे.”

“मग?”

“तो मीच दिला होता. ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, तिच्या कपड्यांबरोबर. खालच्या वस्तीतल्या म्हातारीला.”

नमद्याच्या कोपऱ्यात बॅटरीच्या ॲसिडनं पडलेलं जुनं भोक होतं. तेच.

इमानकुलनं बॅटरी उचलली, बाहेर नेली, बसवली. पाना खिशात टाकून स्टिअरिंगमागे बसला. शारशेन त्याच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. समोर उघडं बॉनेट, त्यामुळे पलीकडचं काहीच दिसत नव्हतं.

इमानकुलनं किल्लीला हात लावला.

आणि बॉनेटच्या पलीकडून...

टक्... टक्.

शारशेननं खिडकीची कड घट्ट धरली.

इमानकुलनं किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं.

दोघांनी पुढं जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं.

“आता तर विकाच,” शारशेन म्हणाला. “नाहीतर मुल्लाला बोलावू. दुवा पढून घेऊ.”

“कुणाला घालवायला? तिला? तिच्याच घरातून?” इमानकुलनं बॉनेट खाली आपटलं. “गाडी चालू झाली. आता शब्द पाळ आणि तोंड मिटून घरी जा.”

शारशेन गेला. वाटेत त्या म्हातारीकडे थांबला. तिच्या पेटीत नमदा होता. त्यालाही कोपऱ्यात तसंच भोक.

ते दोन नमदे कसे झाले, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

इमानकुलनं गाडी विकली नाही. घरही सोडलं नाही. लोक काय काय बोलतात, तो ऐकून घेतो आणि चारा आणायला जातो. पण त्या दिवसापासून बॅटरी एकदाही बाहेर राहिलेली नाही. अंग तापानं फणफणत असलं तरी अंधार पडायच्या आत तो स्वतः जाऊन आणतो.

शारशेननं एकदा विचारलंच. “एक रात्र मुद्दाम बाहेर ठेवून बघा ना, दाजी. एकदाचं कळेल तरी.”

इमानकुलनं दाराच्या कडीकडे बघितलं.

“नको,” तो म्हणाला. “बाहेर फार थंडी असते. तिला पुन्हा कशाला उठवू?”