लाहोरचा अर्धा रुपया

"काय मेलं हे ऊन!" निधी मोठ्यानं करवादली. चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या गल्लीत आपलं मराठी कुणाला कळतंय!

"मग आंत या की. पंखा आहे," बाजूच्या दुकानातून आवाज आला.

ती दचकलीच. जुन्या नाण्यांच्या डब्यांमागे एक सावळा, उंच तरुण हसत होता. उपेंद्र — घराणं तंजावरचं मराठी, जन्म चेन्नईचा. आठवडाभर बँकेत नोकरी, रविवारी मामांच्या या दुकानात. निधी सांगलीची, शहराबाहेर ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात इंजिनियर.

"तुम्ही असं पोथीतल्यासारखं काय बोलता हो?"

"आम्ही असेंच बोलतों. तुम्हीच फार घाई करता."

पंख्याखाली टेकायला गेलेली मुलगी मग दर रविवारी जाऊ लागली. तो तिच्या तळहातावर नाणं ठेवायचा, वर भिंग धरायचा. दोघांची डोकी अगदी जवळ यायची...

"सालाखालीं ठिपका दिसतो? मग मुंबईची टाकसाळ. कांहीच नसलें तर कलकत्ता. कोठें पाडलें, त्यावरही भाव ठरतो."

"आणि माणसांचा?"

"सांगलीचें माणूस असेल तर — मज भिंग लागत नाही."

निधी कानापर्यंत लाल झाली. टाकसाळींच्या खुणा तिनं भराभरा पाठ केल्या. नाण्याची अवस्था कशी पाहतात, हे मात्र शिकायचं राहूनच गेलं. शिकवणाऱ्याचं लक्ष तरी कुठं होतं!

जुलैत नाण्यांचं प्रदर्शन होतं. माहितीपत्रकासाठी फोटो काढायला उपेंद्रनं आपलं सगळ्यांत लाडकं नाणं तिच्या हाती दिलं : १९४४ चा चांदीचा अर्धा रुपया, खाली बारीक 'एल' — म्हणजे लाहोर. "हें मी कोणास देत नाही," तो म्हणाला.

पण नाणं होतं काळपट. फोटोत अगदी मळकं दिसलं. निधीला वाईट वाटलं. तिची घरमालकीण सरोजा मामी दर शुक्रवारी देवाची चांदी विभूतीनं, म्हणजे भस्मानं, घासायची. निधीही चिमूटभर विभूती घेऊन बसली. तासाभरात नाणं लख्ख!

रविवारी तिनं ते मोठ्या ऐटीत त्याच्यापुढं धरलं. उपेंद्रनं ते भिंगाखाली उलटसुलट करून पाहिलं.

"घासलें?" त्यानं हळूच विचारलं. "ती काळी झाक ऐंशी वर्षांची होती, निधी. तिला कोणी हात लावला नाही, म्हणून तर मोल होतें."

"मी... मी भरून देते!"

"परवायिल्लै," तो म्हणाला. असू दे.

तमिळमध्ये. तिच्याशी तो पहिल्यांदाच तमिळ बोलला होता. परक्याशी बोलावं तसं.

आठवडाभर ना त्याचा फोन, ना तिची करायची हिंमत. कारखान्यात नटबोल्टांचे आकडे तपासताना तिच्या डोळ्यांत सारखं पाणी यायचं. नाण्याचं मोल गेलं त्याचं दुःख होतंच, पण त्याचा विश्वास गेला, हे तिला सोसवत नव्हतं. तिचं त्याच्यावर प्रेम होतं. झालं, आता लपवण्यात काय अर्थ!

प्रदर्शनाच्या दिवशी ती माफी मागायला मंडपात गेली. उपेंद्रच्या टेबलावर बरोबर मधोमध तो अर्धा रुपया चकाकत होता. शेजारी त्याच्या अक्षरातली चिठ्ठी : 'टाकसाळ — लाहोर. अवस्था — घासलेले. विकायचे नाही.'

"सगळे हसतील तुम्हांला..." ती पुटपुटली.

"हसले की. सकाळपासून तिघे." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "आठ दिवस रागावून पाहिलें. जमलें नाही. माझें नाणें चांगलें दिसावें म्हणून एक मुलगी तासभर घासत बसली. ती माझी असो, नसो... हें मी विकणार नाही."

निधीनं डोळे पुसले. मग टेबलाला वळसा घालून ती त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"नसो कशाला?" ती म्हणाली. "आहे!"