फोनच्या ओळखीचं घर

चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या बाईला एक सवय लागते. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याआधी ती त्याच्या चष्म्याकडे बघते. दांडी कुठे सैल झालीय, नाकावरची चकती कुठल्या बाजूनं झिजलीय, ओरखडे आतून आहेत की बाहेरून. माणूस लपवतं, चष्मा लपवत नाही. तेव्हा जे घडलं तेही मी असंच उजेडाकडे धरून सांगते.

नवरा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत कामाला. नव्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला कंपनीनं त्याला परदेशी पाठवायचं ठरवलं, राहायला अख्खं घर मिळणार म्हटल्यावर मीही निघाले. दुकान ताईवर, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीवर, सोपवलं. आमच्यापैकी कुणीही त्याआधी देशाबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. दोघांचे पासपोर्ट मीच रांगेत उभी राहून काढले होते, त्यांच्या पानांना अजून कोऱ्या वहीचा वास येत होता. हे आधीच सांगते, कारण पुढे मला तेवढाच आधार उरला.

निघताना ताईनं बजावलं होतं, "मौनीबाबाला तिकडे तरी बोलता कर." नवऱ्याला हे नाव तिनंच ठेवलेलं. माणूस वाईट नाही. पण वाढू का, वाढ. झोपू का, झोप. एवढ्यावर आमचा दिवस मावळायचा. लग्न नवं होतं तेव्हा तो जिन्याच्या खालूनच मला हाक मारायचा. ती हाक पुढे कधी विरली कळलं नाही. विहिरीत पडलेल्या तांब्यासारखी तळाशी कुठेतरी असेल, असं धरून मी चालले होते.

घर एका जुन्या इमारतीत सगळ्यात वर होतं, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती.

"लिफ्टवाल्याच्या नशिबी जिना," मी म्हटलं.

तो दोन्ही हातांत बॅगा घेऊन पुढे चढत होता. वरच्या वळणावर त्यानं एक पायरी सोडली आणि लांब टांग टाकून पुढच्या पायरीवर गेला. मी तिच्यावरच पाय दिला. पायरी डुगडुगली, मी कठड्याला धरून कशीबशी सावरले. तो वर पोचला होता.

आत अंधार होता. दिव्याचं बटण मी दाराशी चाचपत राहिले. त्यानं बॅग खाली ठेवली, कपाटामागच्या फटीत हात घातला आणि दिवा लागला. बटण तिथे होतं. शहाणा वायरमन जिथे कधी बटण बसवणार नाही तिथे.

मी त्याबद्दल काही विचारणार, तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजू लागला. टुंग, टुंग, टुंग. घरच्यांचे, ऑफिसचे, दिवसभर अडकून पडलेले निरोप वळचणीच्या पाण्यासारखे पडत होते. आम्ही इकडचं सिमकार्ड अजून घेतलं नव्हतं.

"वायफायचा पासवर्ड कधी घेतलास?"

"नाही घेतला."

"मग?"

"उघडं असेल." त्यानं फोन बघितलासुद्धा नाही.

माझ्या फोनवर त्या घराच्या वायफायच्या नावापुढे कुलपाचं चित्र होतं. थोड्या वेळानं घरमालकीण वर आली. पिकल्या केसांची, ताठ पाठीची बाई, तळमजल्यावर राहायची. तिनं पासवर्ड छापलेलं कार्ड दिलं. मी चाळिशी नाकावर चढवून एकेक अक्षर टिपलं. चुकीचा पासवर्ड. पुन्हा टिपलं. चुकीचा. त्या घराचं वायफाय शेवटपर्यंत मला आत घ्यायला तयार झालं नाही. नवरा घरी असला की त्याच्या फोनवरून मला नेट मिळायचं, तो कामावर गेला की बंद. जन्मभर स्वतःचं दुकान चालवलेल्या बाईला असं दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायची पाळी आली.

घरमालकिणीच्या भाषेतलं बोलणं मराठीत करून सांगणारं ॲप मात्र त्यानं माझ्या फोनवर उतरवून दिलं होतं, ते नेटशिवाय चालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकीण चादरी घेऊन आली तेव्हा मी फोन पुढे धरला. कचरा कुठे टाकायचा, गरम पाण्याचा नळ कसा फिरवायचा, सगळं फोननं बातम्या देणाऱ्या बाईच्या कोरड्या आवाजात सांगितलं. मग तिला आतून येणारा नवरा दिसला. तिचा चेहरा उजळला. ती काहीतरी बोलली.

फोन म्हणाला, "तुमच्या पत्नी आज सोबत नाहीत का?"

मी उशीचा अभ्रा हातात घेऊन दोघांच्या मधे उभी होते.

"यंत्र आहे," नवरा म्हणाला, "काहीही बोलतं." आणि तो चहा करायला गेला.

कचऱ्याचं यंत्रानं बरोबर सांगितलं होतं. नळाचंही.

त्यानं चहाचे दोन कप टेबलावर ठेवले. माझ्या कपाचा कान डावीकडे होता. मी तो फिरवून उजवीकडे घेतला. संध्याकाळी पुन्हा डावीकडे. घरी इतकी वर्षं त्यानं मला चहा करून दिला नव्हता. इथे रोज देत होता, आणि रोज एका डावखुऱ्या बाईला देत होता.

आई काम करता करता ओव्या म्हणायची. त्यातली एक तेव्हापासून माझ्या डोक्यात घुमू लागली.

*सवत बाई माझी, नाही डोळ्यांनी देखिली,*
*माझ्याच उंबऱ्यात तिची पाऊलं ओली.*

लहानपणी मला वाटायचं, न पाहिलेल्या बाईवर कोण कशाला जळेल. आता कळत होतं की पाहिलेलीवर जळणं सोपं असतं. तिचं नाक बसकं निघतं, तिला राग येतो, ती म्हातारी होते. न पाहिलेलीचं काहीच वाकडं निघत नाही.

तो अंघोळीला गेला की मी त्याचा फोन बघू लागले. लाज वाटत होती, पण बघत होते. एकही फोटो नाही, एकही परकं नाव नाही. नकाशा उघडला. आमच्या गावातल्या घरावर काहीच खूण नव्हती. या इमारतीवर छोटंसं छप्पर काढलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं, घर.

"हे तू केलंस?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक. आपोआप होत असेल." तो टॉवेलनं केस पुसत होता. आणि पुसता पुसता गुणगुणत होता. कुठली चाल होती कोण जाणे, आपल्याकडची नव्हती.

त्या संध्याकाळी मी ताईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती आधी हसली. "अगं, पासपोर्ट तू काढलास, बॅग तू भरलीस, आता सवतही तूच शोधून दिलीस होय त्याला?" मग म्हणाली, फोनचं काही मनावर घेऊ नकोस, माझा फोन मला शेजारणीच्या कुत्र्याचे फोटो आठवणी म्हणून दाखवतो. शेवटी म्हणाली, "बोलायला लागलाय ना तो? मग झालं तर. कुणामुळे का असेना."

कुणामुळे का असेना. तेच तर सोसत नव्हतं. तो खरोखरच बोलायला लागला होता. खिडकीतून दिसणारी झाडं दाखवायचा, प्रशिक्षणात कुणाची कशी फजिती झाली ते सांगायचा. पण सांगताना त्याची नजर माझ्या खांद्याशेजारी कुठेतरी असायची, जशी गर्दीत ओळखीचं माणूस शोधताना असते. इतकी वर्षं मी ज्या माणसाची वाट पाहिली तो परत आला होता. दुसरीकडे.

एका दुपारी मी घरमालकिणीला गाठलंच. ती तिच्या दारात बसून टपालपेट्यांची पितळी झाकणं घासत होती. मी फोन मधे धरला आणि सरळ विचारलं, माझ्या नवऱ्याची बायको कशी होती?

तिला प्रश्नाचं काही वाटलं नाही. ती सांगत गेली, फोन बोलत गेला. त्याची पत्नी जिन्यात गाणं म्हणत असे. तो तिची पिशवी वर नेत असे. तो खालूनच तिला हाक मारत असे, सगळ्या मजल्यांना ऐकू जात असे. आम्हाला हसू येत असे.

खालूनच हाक मारत असे. फोनच्या त्या कोरड्या आवाजात ते ऐकून मी फोन तिच्या आणखी जवळ धरला.

"ती कुठे गेली?" मी विचारलं.

घरमालकिणीनं हातातलं फडकं थांबवलं. माझ्याकडे नीट पाहिलं आणि शांतपणे एक वाक्य बोलली.

फोन म्हणाला, "मला ते समजलं नाही. कृपया पुन्हा बोला."

ती पुन्हा बोलली. तेच शब्द, तीच चाल. फोन म्हणाला, "मला ते समजलं नाही." मग ती मान खाली घालून पितळ घासू लागली.

वर येऊन मी घर उपसलं. स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा खण अडकायचा, म्हणून तोवर उघडला नव्हता. जोर लावून ओढला. आत बंद पडलेले मोबाइल होते, निरनिराळ्या कंपन्यांचे, जुने, काही नव्यासारखे. एकाच्या पाठीवर फुलांचं स्टिकर होतं, एकाच्या दोरीत बारीक मणी ओवलेले. भाड्याच्या घरात पाहुणे काय काय विसरून जातात. आणि त्यांच्याखाली, मऊ कापडात गुंडाळलेला, एक चष्मा.

बायकी चौकट, अरुंद चेहऱ्याची. मी तो खिडकीसमोर धरून हळूच डावीकडे नेला. काचेतली खिडकीची चौकट काचेबरोबर डावीकडे सरकली. म्हणजे उणे नंबर, लांबचं न दिसणारी. मला लांबचं स्वच्छ दिसतं, माझं अडतं जवळच्या अक्षरांशी. डावी दांडी सैल होती. एका हातानं ओढून चष्मा काढणाऱ्याची त्याच बाजूची दांडी सैल होते.

ही ती. शेवटी माझ्या हातात आली होती.

तोडून टाकावा असं वाटलं. खरंच वाटलं. पण मी माझी चाळिशी काढून ठेवली आणि तो डोळ्यांवर चढवला. त्याला काय दिसत होतं तिच्यात, ते तिच्या बाजूनं बघावं, एवढंच मनात होतं. माझ्या डोळ्यांना त्या काचेतून धूसर दिसायला हवं होतं. नियमच आहे तो.

समोरच्या झाडाचं पान न् पान दिसलं. पासवर्डच्या कार्डावरची बारीक अक्षरंसुद्धा.

टेबलावर माझा फोन वाजू लागला. टुंग, टुंग, टुंग. ताईचे निरोप. नवरा कामावर होता. फोनच्या कोपऱ्यात वायफायची खूण भरलेली होती.

मी कशालाही हात लावला नव्हता.

आणि खालून हाक आली.

सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशी. माझं नाव नव्हतं ते. पण मी ओळखलं. ती हाक मी ओळखली, तळातून वर आलेली.

पावलं चढत आली. डुगडुगणाऱ्या पायरीपाशी क्षणभर थांबली आणि पुढे आली. दार उघडलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. खांद्याशेजारी नाही, माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते माझ्या वाट्याला आमच्या लग्नातही आलं नव्हतं.

"आलीस?" तो म्हणाला.

तेव्हा चष्मा काढता आला असता. हात वर गेलाही. पण मग तो चेहरा पुन्हा मिटला असता, वाढू का, वाढ. झोपू का, झोप. आणि ती, जिथे कुठे असेल तिथे, जिंकली असती.

"आले," मी म्हणाले.

त्यानं चहा केला. कपाचा कान डावीकडे होता. मी तो फिरवला नाही.

दुसऱ्या दिवशी पाव आणायला निघाले. जिन्यात कुणीतरी गुणगुणत होतं. चाल आईची नव्हती. दोन वळणं उतरल्यावर लक्षात आलं, मीच गुणगुणत होते. डुगडुगणारी पायरी कधी मागे गेली कळलंही नाही.

घरमालकीण दारातच होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून ओळखीचं हसली.

"ती वर आलेली बाई गेली का?"

"गेली," मी म्हणाले.

मग मी दोन्ही हातांकडे पाहिलं. डाव्यात पिशवी होती. उजवा रिकामा. दोघींच्या मधे धरायचा फोन वर टेबलावर राहिला होता.

तिथे तो वाजत होता. सगळ्या जिन्यातून त्याचा आवाज झिरपत खाली येत होता, थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. कुणीतरी थोरलं माणूस काळजीनं लावत असावं.

"तिचा राहिला वाटतं," घरमालकीण म्हणाली.

"विसरून जातात त्या," मी म्हणाले. "परत आले की खणात ठेवते."