भाट्याच्या फाट्यावरचा सिग्नल

सोळाव्या मिनिटाला मागून एक व्हॅन आली आणि दिवा हिरवा झाला.

“अहो, तुम्ही कशाला आलात!” मासूमा सायकलवरूनच वळून म्हणाली.

व्हॅनच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. केस विस्कटलेले, डोळ्यांत अजून झोप. “मी? … रस्ता आहे म्हणून आलो.”

“अजून चार मिनिटं दम धरला असतात, तर पूर्ण वीस झाली असती.”

“कोणाची वाट बघताय?”

“हिरव्या दिव्याची.”

“मग झाला की हिरवा. जा ना!”

“तो तुमच्यासाठी झालाय. माझ्यासाठी होत नाही तो.”

एवढं बोलेपर्यंत दिवा पुन्हा लाल झाला. दोघंही जागच्या जागीच. परतीच्या पावसाची एक सर नुकतीच येऊन गेली होती, आणि मासूमाच्या ओढणीच्या टोकातून टिपटिप पाणी गळत होतं. तिची ही एवढी तक्रार ऐकून खरं तर कोणीही निघून गेलं असतं. त्याने मात्र व्हॅन कडेला घेतली, खाली उतरला आणि आधी दिव्याकडे, मग तिच्या सायकलकडे, मग तिच्याकडे पाहिलं. तिच्याकडे जरा जास्तच वेळ.

त्याच्या निळ्या शर्टावर सिग्नल बसवणाऱ्या कंपनीचं नाव शिवलेलं होतं. मासूमाने ते वाचलं आणि तिचा आवाजच बदलला.

“हा सिग्नल तुमच्या कंपनीचा?”

“हो. मीच बसवलाय. कैफ माझं नाव.”

“मग मी तुम्हालाच शोधत होते.”

बोलून गेल्यावर तिला ते वाक्य कसंसंच वाटलं. कैफच्या ओठांवर हसू आलेलं तिने पाहिलं, आणि घाईघाईने सायकलच्या घंटीवरचं पाणी पुसायला घेतलं.

भाट्याच्या वाडीतून येणारा छोटा रस्ता पुलाच्या अलीकडे मोठ्या रस्त्याला मिळतो. त्या फाट्यावर वर्षभरापूर्वी हा सिग्नल बसला. छोट्या रस्त्यावर गाडी येऊन उभी राहिली की डांबराखाली पुरलेल्या तारेला ती कळायची आणि मगच या बाजूचा दिवा हिरवा व्हायचा. गाडीच नसेल तर मोठ्या रस्त्याची वाहतूक उगाच कशाला अडवायची, असा त्यामागचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. फक्त त्यात सायकल धरलेली नव्हती.

आणि मासूमाचे अब्बा सायकलवर होते.

मजीदचाचा म्हणून सगळं शहर त्यांना ओळखायचं. वाडीतल्या बेकरीतून पहाटे गरम पाव घ्यायचे, मागच्या मोठ्या पेटीत भरायचे आणि पूल ओलांडून घरोघरी पोचवायचे, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. सिग्नल लागला तसे ते लाल दिव्यापाशी थांबू लागले. पहाटे त्या रस्त्याला दुसरं कोणी नसायचं. पाच मिनिटं थांबायचे, दहा मिनिटं थांबायचे, एखादी रिक्षा मागून आली तर सुटायचे. पाव गार व्हायचे. लोक कुरकुरायचे. शेवटी श्रावणातल्या एका सकाळी ते लाल दिव्यातच निघाले, आणि पुलावरून आलेल्या टेम्पोने त्यांना उडवलं.

मनगटावर निभावलं. पण सिग्नलवरच्या कॅमेऱ्यात टिपलेलं ते दृश्य गावभर मोबाईलवर फिरलं. खाली कोणीतरी लिहिलं होतं— ‘हे बघा सिग्नल तोडणारे!’ अब्बा भेटेल त्याला सांगत राहिले, “अरे, तो दिवा माझ्यासाठी बदलतच नाही.” लोक हसले. म्हातारा आता काहीही सांगतोय म्हणाले. तेव्हापासून अब्बांनी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. हाताला प्लास्टर होतं हे खरं, पण चालायला हात कुठे लागतो?

मासूमा शहरातल्या शाळेत गणित शिकवायची. बापावर खोटेपणाचा शिक्का बसलेला तिला सहन होईना. म्हणून गेले सहा दिवस ती पहाटे इथे येऊन उभी राहत होती, घड्याळ लावून.

हे सगळं ऐकून कैफ म्हणाला, “सेन्सर नीट आहे हो. मी स्वतः तपासलाय. आणि खरं सांगू का, सायकल आता चालवतंच कोण?”

“मी,” मासूमा म्हणाली.



दुसऱ्या दिवशी ती फाट्यावर पोचली तेव्हा कैफ आधीच आलेला होता. सायकलवर! घरमालकाच्या मुलीची गुलाबी सायकल, पुढे जाळीची टोपली, आणि गुडघे पार हँडलला टेकलेले.

“हसायचं नाही,” तो म्हणाला.

“मी कुठे हसतेय?”

“डोळे हसतायत तुमचे.”

तिने डोळे दिव्याकडे वळवले. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. पाच मिनिटं… आठ मिनिटं. पुलाखालून खाडीचं पाणी आत शिरत होतं, एक होडी त्यासोबत हळूहळू सरकत होती. कैफने मोठ्या रस्त्याकडे पाहिलं. चिटपाखरू नव्हतं.

“कोणी नाहीये,” तो हळूच म्हणाला. “जाऊ या?”

“अब्बांनाही असंच वाटलं होतं.”

त्याने पुन्हा पाय टेकला.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस सकाळ अशीच उजाडली. कैफने खडूने रस्त्यावर चौकोन आखून दाखवला, तार नेमकी कुठे पुरलीय ते. कधी ती मधोमध उभी राहायची, कधी तारेच्या बरोबर वर. एकदा त्याने सायकल चक्क आडवी झोपवली आणि शेजारी उकिडवा बसून दिव्याकडे आशेने पाहत राहिला. त्या वेळी मासूमाला हसू आवरलं नाही. पोट धरून हसली ती. अब्बा पडल्यापासून पहिल्यांदाच.

“कितवीला शिकवता?” त्याने विचारलं.

“आठवी-नववी.”

“मी असतो तर रोज गणित चुकवलं असतं.”

“का?”

“पुन्हा समजावून सांगाल म्हणून.”

ती दिव्याकडेच बघत राहिली. पण त्या दिवशी वर्गात फळ्यावर एक साधी बेरीज चुकली तिची, आणि सगळ्या वर्गाने ती पकडली.

दोघांचंही बरंच काही कळत गेलं एकमेकांना. तो गुहागरकडचा. वडील जहाजावर होते, आता नाहीत. घरी अम्मी एकटी. नोकरी लागून दीड वर्ष झालं होतं आणि हीच त्याची पहिली नोकरी. मासूमा त्याला ‘तुम्ही’च म्हणत होती, पण त्या ‘तुम्ही’तलं अंतर रोज थोडं थोडं कमी होत होतं. सकाळी निघताना ती आरशात दोनदा बघू लागली होती. ते तिच्या अम्मीच्याही लक्षात आलं होतं, फक्त ती बोलली नव्हती.

आणि मग एक दिवस कैफ गप्प गप्प होता.

“काय झालं?”

“मासूमा…” पहिल्यांदाच त्याने नुसतं नाव घेतलं. “एक सांगायचंय. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.”

 तिला वाटलं, ती ज्याची वाट बघत होती तेच आता—

“सिग्नलच्या त्या पेटीत एक सेटिंग असतं. तारेने किती बारीक वस्तू ओळखायची ते ठरवणारं. सुरुवातीला ते बरोबर होतं, सायकलसुद्धा कळायची. पण शेजारून मोठे ट्रक गेले तरी दिवा हिरवा व्हायचा, तक्रारी यायच्या. साहेब म्हणाले, कमी कर. मी म्हटलं, सायकली सुटतील. ते म्हणाले, सायकल चालवतंच कोण?” तो थांबला. “मी कमी केलं. माझ्या या हातांनी.”

खाडीवरून वारा आला. मासूमाने ओढणी घट्ट धरली.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मी इथे सोळा-सोळा मिनिटं उभी होते, खडूचे चौकोन चालले होते, आणि तुम्हाला…”

“पहिल्या दिवशी वाटलं, सायकल तरीही कळत असेल. दुसऱ्या दिवशी कळलं की नाही. मग रोज सांगायला यायचो, आणि तुम्ही हसलात की… सांगवायचं नाही.”

मासूमा सायकलवरून उतरली. हातात धरून, चालत, तिने रस्ता ओलांडला आणि मागे वळून न बघता निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती लांबच्या रस्त्याने शाळेत जाऊ लागली. राग होताच. पण रात्री पडल्यावर जे मनात यायचं ते रागाहून अवघड होतं. त्याने सांगितलं नसतं, तर तिला कधीच कळलं नसतं. कोणालाच कळलं नसतं. लपवणं सोपं असताना माणूस बोलला, याला काय म्हणायचं? आणि इतके दिवस बोलला नाही, त्याला तरी काय म्हणायचं? गणितात एका प्रश्नाला एकच उत्तर असतं. इथे दोन होती, आणि दोन्ही बरोबर.

चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, कैफ घरीच आला.

अब्बा पडवीत बसले होते. तो समोर जाऊन उभा राहिला, सलाम केला, आणि बस म्हटलं तरी बसला नाही. आधी सगळं सांगितलं. सेटिंगचं, साहेबांचं, स्वतःचं. मासूमा दाराआड उभी राहून ऐकत होती. त्याने साहेबांवर ढकललं नाही. “हात माझा होता, चाचा,” एवढंच म्हणाला.

अब्बांनी प्लास्टरातल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, “हे लिहून देशील?”

“दिलंय.” कैफने खिशातून घडी घातलेला कागद काढला. “परवा वाहतूक समितीला दिलं. ही तुमची प्रत.”

अब्बांनी चष्मा लावला. कागद डाव्या हाताने धरून एकदा मनात वाचला, मग मोठ्याने. ‘सदर सिग्नल सायकलस्वारास ओळखत नव्हता’ या ओळीशी आले आणि थांबले. तेच वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. दाराआड मासूमाने ओठ दाताखाली दाबला.

“नोकरी?” अब्बांनी विचारलं.

“गेली. आजच निघतोय गावाला. तीनची एसटी आहे.”

“खोटं बोलला नाहीस म्हणून गेली?”

“उशिरा खरं बोललो, चाचा. लवकर बोललो असतो तर तुमचा हात मोडला नसता.”

अब्बांनी कागदाची नीट घडी केली. “मासूमा, चहा ठेव गो,” ते आत बघून म्हणाले. “आणि दाराआडून बाहेर ये. पाय दिसतायत तुझे.”

चहा झाला. कैफ निघाला तेव्हा अब्बाच म्हणाले, “थांब्यापर्यंत जा त्याच्याबरोबर. रस्ता चुकेल बिचारा.” वाडीतून थांब्यापर्यंतचा रस्ता नाकासमोर सरळ होता.

दोघं सुरूच्या झाडांच्या कडेने चालत राहिले.  थांब्यावर पोचले तर एसटी वळणावर दिसूही लागली.

“अजून राग आहे?” कैफने विचारलं.

“आहे.”

“किती?”

“मोजला नाही.” ती समोर समुद्राकडे बघत म्हणाली. “पण तीन दिवस लांबच्या रस्त्याने गेले ना, तर… सकाळ सकाळसारखी वाटलीच नाही.”

कैफने तिच्याकडे पाहिलं. एसटी येऊन थांबली, दार उघडलं. तो पायरीवर चढला आणि तिथेच उभा राहिला.

“मासूमा, मला तू आवडतेस. हेही उशिराच सांगतोय.”

“मला कळलं होतं.” तिचा चेहरा तापला होता. “हे तरी वेळेवर कळलं होतं.”

“ओ भाऊ,” कंडक्टर आतून ओरडला, “वर या, नाहीतर खाली उतरा. गाडी लटकून जात नाही.”

“पुढच्या रविवारी ये,” मासूमा एका दमात म्हणाली. “अम्मीला घेऊन.” ‘तुम्ही’ कुठे गळून पडलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

“नोकरी नाही, काही नाही. तुझ्या घरी मी काय तोंड घेऊन येऊ?”

“आहे तेच घेऊन ये. मला तेच बघायचंय.”

कंडक्टरने घंटीची दोरी ओढली, पण जरा सावकाश. एसटी निघाली. कैफ खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हात हलवत राहिला आणि मासूमा, सगळ्या थांब्यासमोर, न लाजता हात हलवत राहिली.

घरी आली तर अब्बा अजून पडवीतच होते. कागद मांडीवर.

“गेला?”

“गेला.”

“परत येणार?”

“रविवारी… त्याच्या अम्मीला घेऊन.”

अब्बांनी हूं केलं. थोडा वेळ विचार केला. मग उठले, खुंटीवरची टोपी काढली, डाव्या हाताने डोक्यावर नीट बसवली आणि चपला शोधू लागले.

“कुठे निघालात?” मासूमाने चकित होऊन विचारलं.

“बंदरावर. मच्छीवालीला आजच सांगून ठेवायला हवं,” ते पायरी उतरत म्हणाले. “रविवारी चांगला सरंगा ऐनवेळी कुणी देत नाही.”